पाच रुपये दे नं, आई!

घरखर्चाचे अंदाजपत्रक कसे करावे यावर पुष्कळ लिहिले जाते. किराणा, दूध, वीजबिल, औषधपाणी असे रकाने पाडायचे आणि महिनाअखेर बेरीज करायची. पण लहान मुलांच्या घरात एक खर्च असा असतो की तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. रोज सकाळी शाळेची घंटा होण्याच्या सुमारास तो आईकडे मागितला जातो, आईच्या डब्यातून दिला जातो, आणि महिनाअखेर “पैसे गेले कुठे?” हा सवालही आईलाच!

आपल्या भंडारा जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. बहुतेकांचे घर धानावर चालते. तांदूळ घरचा, त्यामुळे पोटाची चिंता नाही. पण रोख पैसा दिसतो तो दिवाळीनंतर, धान विकल्यावर. तोही केंद्रावर काटा झाल्यावर चुकारे खात्यात कधी पडतील याचा नेम नसतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, साधारण जूनच्या अखेरीस उघडतात. नेमके तेव्हाच बियाणे, खत, चिखलणी, रोवणीची मजुरी सारे एकदम दारात उभे. घरधन्याला खताचे पोते दिसते, आईला पावसात भिजणारे दप्तर. दोघांचेही खरेच असते, म्हणून तर भांडण होते.

२०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी आपल्या दोन मुलांचा शाळेचा खर्च धानात मोजला. दोन दप्तरे ९०० रुपये, बूट-मोजे ८००, रेनकोट ७००. झाले २,४००! क्विंटलभर धान संपले आणि वह्या घ्यायच्या अजून बाकीच. क्विंटलभर धान म्हणजे किती वेळा वाकणे, हे रोवणीला गेलेल्या बाईला सांगायला नको.

सरकारकडून काहीच मिळत नाही असे म्हणू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तके मोफत आहेत. दुपारच्या जेवणासाठी पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि पुढे आठवीपर्यंत १५० ग्रॅम तांदूळ येतो. गणवेशही मिळतो. पण त्याची गंमत बघा. २०२४ मध्ये राज्यभर एकसारखा गणवेश शिवून द्यायचे ठरले, तर कित्येक ठिकाणी तो उशिरा पोचला आणि मापातही बसेना. पुढच्या वर्षी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. वह्यांचेही तेच. २०२३ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पाने घातली, म्हणजे वह्यांचा खर्च आणि दप्तराचे ओझे कमी होईल. मुले वेगळ्या वह्या नेतच राहिली, पुस्तके तेवढी जाड झाली, आणि २०२५ मध्ये ती पाने काढून टाकली. या दोन वर्षांत वह्या कमी लागल्या असे सांगणारी एकही आई मला भेटलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, हे चांगलेच झाले. पण बाई, पेन्सिल हरवण्यावर कोणते सरकार उपाय करणार?

आणि त्या रात्रीच्या फर्माइशी! आठ वाजता मोबाइलवर निरोप येतो की उद्या हिरवा कार्डपेपर, कापूस आणि फेविकॉल पाठवा. मी स्वतः तासिकांवर शिकवते, त्यामुळे शाळेची अडचणही मला ठाऊक आहे. तरी शिक्षक मंडळींना सांगावेसे वाटते की असा निरोप शुक्रवारी द्यावा, म्हणजे आठवडी बाजाराच्या फेरीत काम होते. नाहीतर दहा रुपयांच्या कागदासाठी तीस रुपयांचे पेट्रोल जळते.

आता त्या पाच रुपयांच्या पुड्यांकडे येऊ. पुड्याची किंमत वर्षानुवर्षे पाचच रुपये राहते, आतला माल मात्र कमी होत जातो. पुड्यावर वजन छापलेले असते, एकदा चष्मा लावून वाचा. दोन मुले, रोज पाच-पाच रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे २५० रुपये. शाळेच्या दहा महिन्यांचे २,५००. म्हणजे आणखी एक क्विंटल धान गेले, पुड्यातल्या हवेसाठी! मुरमुरे-फुटाणे, तळलेल्या पोह्यांचा चिवडा किंवा घरचे बोरकूट दिले तर निम्म्यात भागते हे खरे. पण शेजारच्या बाकावर रंगीत पुडा फुटत असताना आपल्या लेकराने मुरमुरे खावेत, ही अपेक्षा जरा कठोरच. माझ्या मते बुधवार आणि शनिवार पुड्याचे वार ठरवून टाकावेत. सरसकट बंदी घातली की मूल मामाजींकडून पैसे मागून आणते, आणि तो हिशेब तर कुठेच लागत नाही.

तान्ह्या पोळ्याचेही तसेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून मुले घरोघर बोजारा मागत फिरतात. नंदी एकदा घेतला की पिढ्यान् पिढ्या पुरतो, त्याचे शिंग मोडले तर सुतार जोडून देतो. खर्च वाढला तो वेशभूषा स्पर्धेमुळे. एका संध्याकाळच्या कृष्णासाठी भाड्याचे ३०० रुपये! आईच्या जुन्या करवती काठाच्या पदरातून पीतांबर होतो, मोरपीस शेजारी मिळते. परीक्षकांना नाही आवडला तर न आवडो.

ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये अनेकींच्या खात्यात येऊ लागले. पैसे तिच्या नावाचे. पण कितीतरी घरांत हळूच असे झाले की मुलांनी काही मागितले, की “तुझ्या त्या पैशांतून दे.” पेन्सिल तिच्याकडे, चप्पल तिच्याकडे, खोकल्याचे औषधही तिच्याकडे. मुले दोघांची आणि चिल्लर एकटीची, हे मला पटत नाही. चुकारे आले की सोसायटीचे कर्ज आधी फिटते, ते फिटायलाच हवे. पण त्याच दिवशी दोन क्विंटलचे पैसे ‘मुलांचे’ म्हणून पोस्टात टाकायला सांगा आणि जूनपर्यंत त्यांना हात लावू नका. पाच-दहा रुपयेही वहीत लिहा, आणि ती वही कपाटात न ठेवता टीव्हीजवळ ठेवा.

माझ्या एका शेजारणीने तीन महिने अशी वही ठेवली. एका रात्री यजमानांनी ती सहज चाळली आणि विचारले, “एवढे खोडरबर लागतात?” आता पेन्सिलींचा डबा बाजारातून तेच आणतात, आणि हरवल्या की ओरडतातही तेच.