परसातील कुक्कुटपालन : लेखांक नववा – हिमप्रदेशातील खुराडे

निफाडच्या शिवारात पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षांच्या बागांतून शेकोट्या पेटतात आणि वर्तमानपत्रांना त्याची ठळक वार्ता द्यावीशी वाटते. अशा मुलखातील वाचकाला, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, जेथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत घसरणे कोणाला नवलाचे वाटत नाही, तेथेही लोक परसात कोंबड्या पाळतात आणि त्या कोंबड्या पुष्कळदा कोणत्याही शेगडीवाचून हिवाळा काढतात, असे सांगितले तर त्याला ती अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. मागील लेखांकात उन्हाळ्याच्या तगमगीचा विचार करताना, या पक्ष्याला उष्म्याइतका शीताचा जाच होत नाही, असे जे ओझरते विधान केले होते, त्याची फोड आज करावयाची आहे.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते; मनुष्याला इतका ज्वर चढला तर घरात वैद्यासाठी धावाधाव व्हावी. ही उष्णता राखण्यासाठी निसर्गाने तिला वरून पिसे आणि आतून मऊ लव असे दुहेरी आच्छादन दिलेले असून, थंडी वाढली की ती अंग फुलवून त्या दोहोंमध्ये हवेचा थर कोंडून धरते. पाय मात्र उघडे. पण तेथेही, खाली उतरणारे उष्ण रक्त आणि वर परतणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या एकमेकींना लगटून असल्यामुळे, परतणारे रक्त वाटेतच ऊब उचलून घेते आणि उष्णतेचा अपव्यय टळतो. रात्री ती दांडीवर बसते तेव्हा पोटाची पिसे बोटांवर पसरते. म्हणून त्या प्रदेशातील जाणते लोक बसण्यासाठी बारीक गोल दांडी न वापरता आठ-नऊ सेंटिमीटर रुंदीची फळी आडवी बसवितात, कारण गोल दांडीला विळखा घातलेल्या बोटांची टोके पिसांबाहेर राहतात आणि तीच प्रथम गोठतात. कोकणातल्या बांबूच्या दांडीने कोणाचे काही बिघडत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी गफलत होते ती मालकाच्या दयाबुद्धीमुळे. स्वतः रजईत शिरण्यापूर्वी तो खुराड्याच्या साऱ्या फटी बुजवितो, खिडकी लावून घेतो, आणि आपण चोख बंदोबस्त केला या समाधानात झोपी जातो. इकडे आत रात्रभर, जिच्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते अशी विष्ठा साचत राहते, श्वासावाटे बाष्प सुटत राहते, आणि बाहेर पडावयास वाट न मिळालेली ती ओल तुऱ्यावर व चोचीखालील लोंबत्या मांसल भागावर बसून गोठते. तुऱ्याची टोके आधी फिकट, मग राखी आणि काही दिवसांनी काळी पडतात. काळी पडलेली टोके पुढे गळून जातात. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर काचेच्या आतल्या अंगावर आणि छतातून डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरे हिम जमलेले दिसले, किंवा अमोनियाच्या उग्र दर्पाने डोळ्यांत पाणी आले, तर रात्री हवा कोंडली होती याला दुसऱ्या दाखल्याची गरज नाही. आपल्याकडेही पौषातल्या गारठ्यात गोणपाटाचे पडदे अष्टौप्रहर सोडून ठेवणाऱ्याच्या शेडमधून चार दिवसांत घरघर ऐकू येऊ लागते, हे कुक्कुटपालकांना ठाऊक आहेच.

इलाज दिसावयास उलटा आहे. हवेला वाट ठेवावयाची ती वळचणीखाली, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या बरीच वर. आणि त्या बसतात त्या उंचीवर मात्र वाऱ्याचा झोत मुळीच पोहोचू द्यावयाचा नाही. दांडीजवळ कागदाची पातळ पट्टी टांगून ठेवली तर ती हलते की नाही, यावरून याची खातरजमा होते. जमिनीवर लाकडाच्या भुशाची जाड गादी, आपल्याकडच्या भाताच्या तुसासारखी, घालून ती वरचेवर हालवावी आणि ओली झालेली काढून टाकावी. अमेरिकेतील प्रिन्स वुड्स या डॉक्टराने १९२४ साली मोकळ्या हवेच्या कोंबडीघरांवर ग्रंथ लिहिला, त्यातली घरे तर दक्षिणेकडच्या अंगाने केवळ जाळी लावून उघडीच ठेवलेली होती. फक्त त्यांची खोली इतकी असे की वारा मागच्या दांड्यांपर्यंत पोहोचतच नसे.

क्वेबेकमधील ओका येथील त्रापिस्त मठात ब्रदर विल्फ्रिड या साधूने याहून मुळाशी जाणारा विचार केला. भूमध्य समुद्राकाठच्या लेगहॉर्नचा मोठा, लोंबता तुरा या हवेत टिकावयाचा नाही, मग तुराच लहान का करू नये, या हेतूने त्याने कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक यांचा संकर अनेक वर्षे चालवून शांतक्लेर ही जात सिद्ध केली. १९१८ मध्ये ती लोकांसमोर आली आणि १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. तिचा तुरा म्हणजे डोक्याला चिकटून असलेली एक लहानशी गाठ. गोठावयास काही उरलेलेच नाही!

२५० वॅटचा उष्ण दिवा टांगण्याची वहिवाट मला स्वतःला मान्य नाही. भुसा, पिसे आणि धूळ यांच्या संगतीत तो आगीला आमंत्रण आहे. शिवाय ऐन कडाक्यात वीज गेली तर उबेला सोकावलेल्या पक्ष्यांवर थंडी एकदम कोसळते. लहान पिले आणि आजारी पक्षी यांचा अपवाद अर्थात करावा. तुऱ्याला व्हॅसलीन चोपडण्याने काही साधते की नाही यावर मतभेद आहेत. ओल काढून टाकणाऱ्याला त्या वादात पडण्याचे कारण उरत नाही.

पाण्याची तरतूद मात्र टाळता येत नाही, कारण पाणी गोठले की कोंबडी दाणा खाईनाशी होते आणि दाण्यावाचून अंगात ऊब निर्माण होत नाही. तेथील शेतकरी रबराची घमेली वापरतात. उपडी करून वर पाय दिला की बर्फाची अख्खी वडी खाली पडते आणि घमेल्याला तडा जात नाही. थंडीत भूक वाढते, तेव्हा रोजचे खाद्य अधिक द्यावे, आणि सांजेला मूठभर मका टाकावा, म्हणजे भरल्या गळाशयाने त्या दांडीवर चढतात व रात्रभर पचनाची उष्णता त्यांना पुरते.

अंडी कमी झाली म्हणून थंडीला दोष देण्याचीही रीत आहे. वस्तुतः माँट्रियलचा डिसेंबरातला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, आणि नियमित अंडी देण्यास कोंबडीला चौदा तासांच्या आसपास प्रकाश लागतो. त्यासाठी पहाटे लावावयाचा मंद दिवा किती वाजता लावावा, आणि पक्ष्याला हिवाळ्याची रजा मिळू द्यावी की नाही, हा प्रश्न पुढील लेखांकात.