शिकला तो गेला!

मुलगा शिकला की तो मुंबईस जातो, ही गोष्ट कोकणी माणसाला कोणी सांगावी लागत नाही. बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, आई देवापुढे साखर ठेवते, आणि परीक्षेचा निकाल लागला की वळकटी बांधायला सुरुवात होते. पूर्वी त्याच्यामागून मनिऑर्डर येई, आता पैसे परस्पर खात्यात जमा होतात. फरक काय तो एवढाच! तो स्वतः दिसतो गणपतीत आणि शिमग्यात.

घरोघरची ही कथा धर्मकार्य करणाऱ्या संस्थांच्याही वाट्याला आली आहे, हे मात्र आपल्या सहसा ध्यानी येत नाही. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका येथील गरीब देशांत ख्रिस्ती मंडळ्या तरुणांसाठी उपासना, अभ्यासवर्ग, शिबिरे, खेळ असे नाना उपक्रम चालवितात. ते चालवायचे कोणी? बाहेरून आलेला उपदेशक चार-सहा वर्षांनी परत जातो. गावचाच एखादा हुशार पोरगा निवडून त्याला शहरातल्या विद्यालयात धाडावे, तर बहुधा तोही शहराचाच होतो. मग गावातल्या तरुणांजवळ उरते कोण? हा पेच नवा नाही. त्याचा दोनशे वर्षांचा इतिहास आपल्या दापोलीच्या आसपासच पाहावयास मिळतो.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल 1823 साली सावित्रीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटास आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे शाळा काढल्या. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजमुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते जॉन विल्सनही 1829 साली हिंदुस्थानात उतरल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर येऊन राहिले होते. भाषा आली, आणि विल्सनसाहेब मुंबईस गेले. स्कॉटिश मिशननेही यथाकाल आपले बस्तान पुण्या-मुंबईकडे हलविले. म्हणजे पाहा, कोकण सोडण्याची रीत कोकणी पोरांनी तेवढी पाळली असे नव्हे. साहेबांनीही ती इमानाने पाळली!

नंतर दापोलीस अँग्लिकन पंथाच्या एस. पी. जी. मिशनने हायस्कूल चालविले. आल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याचे नाव तेथील ए. जी. हायस्कूलने आजवर जपले आहे. या मिशन शाळेत कोण शिकले? ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहून 1963 साली भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. पालगडचे साने गुरुजी. एकाने हिंदू धर्मशास्त्राचा डोंगर उपसला, दुसऱ्याने पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून 1947 साली प्राण पणाला लावले. कोणत्याही शाळेला अभिमान वाटावा अशीच ही फळे. पण पाळक घडविण्याच्या हिशेबाने पाहिले तर ती भलत्याच फांदीला लागली. शिवाय दोघांचीही कर्मभूमी दापोलीबाहेरचीच. शाळेने माणसे घडविली यात शंका नाही. पण तिला ती गावात ठेवता आली नाहीत.

दापोलीच्याच मुलखातला एक पुरुष मात्र या प्रश्नाच्या मुळाशी गेला. करजगाव येथे 1861 साली जन्मलेले नारायण वामन टिळक, ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते. त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर तुकारामजी नथोजी या मराठी पाळकाच्या हातून. तेवढ्या एका निवडीत त्यांचे सारे पुढील धोरण आले. ख्रिस्त मराठी माणसाला सांगायचा तर तो अभंगातून, भजनातून, कीर्तनातून सांगावा, परक्या सुरावर बसविलेल्या गीतांतून नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. अहमदनगरला (म्हणजे आजच्या अहिल्यानगरला) त्यांनी धर्मसेवेसाठी तयार होणाऱ्या तरुणांना शिकविले, ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. अखेर 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते निवर्तले.

पगार सोडण्याची ही गोष्ट वरवर दिसते तेवढी साधी नाही. ज्याचे वेतन सातासमुद्रापलीकडून येते, त्याला शेजारी ‘साहेबाचा माणूस’ म्हणूनच ओळखतात. त्याच्या चांगल्या शब्दालाही संशयाचा वास येतो. उलट चार घरांनी धान्य घालून पोसलेल्या माणसाला गाव चुकला तर रागावते, आणि आजारी पडला तर त्याच्या उशाशीही बसते. पुढारीपण या नात्यातून येते. प्रमाणपत्रातून ते येत नाही.

बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना हे फार आधी उमगले होते. मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, यावर त्यांचा कटाक्ष. 1854-55 साली ते मुंबई-नगरास आले आणि त्यांनी स्थानिक पाळक व मराठीतून शिक्षण यांचा पुरस्कार केला. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी कचेरीची वाट धरतो, हे त्यांनी हेरले होते. मात्र या औषधालाही पथ्य होते. इंग्रजी आवरती घेतली की तरुणांना जगात वर चढण्याची शिडीच काढून घेतल्यासारखे वाटे. पुढे नगरास मिशनचे इंग्रजी हायस्कूल उभे राहिलेच. मुलाला गावात ठेवण्यासाठी कमी शिकवणे हा काही न्याय नव्हे!

मग करावे तरी काय? एक उत्तर 1963 साली मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात निघाले. तेथील प्रेस्बिटेरियन विद्यालयाच्या चालकांनी पाहिले की, वसतिगृहात राहून शिकणारे थोडे, आणि शिकून खेड्यात परतणारे त्याहून थोडे. खेड्यातल्या मंडळ्या खऱ्या चालवीत होते ते शेतकरी, दुकानदार, चार पोरांचे बाप. त्यांना तीन वर्षे घरदार सोडून येणे कसे जमावे? तेव्हा चालकांनी शाळाच उचलून त्यांच्या दारी नेली. स्वतः वाचता येतील असे धडे छापले. आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षक जाई, विद्यार्थी जमत, शंका निघत, आणि शिकलेले लगेच रविवारी आपल्या मंडळीत, आपल्या तरुणांत वापरून पाहावे लागे. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. भारतात 1971 साली बंगलोरला ‘टॅफ्टी’ ही संस्था याच कामासाठी निघाली.

आपल्या महाराष्ट्रातील मोठ्या विद्यालयाची वाट मात्र उलटी दिसते. 1953 साली यवतमाळास सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली पुण्यास आली. मोठ्या विद्यालयाला मोठे शहर सोयीचे पडते, आणि गाढ्या अभ्यासासाठी अशी विद्यालये हवीतच. पण हर्णैच्या एखाद्या कोळीवाड्यात संध्याकाळी दहा पोरांना जमवून बसणारा माणूस त्यांच्या दारातून आपोआप बाहेर पडेल, अशी आशा धरणे व्यर्थ. त्याला शिकवायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून वर्ग भरवावा लागेल!

आणि त्याला शिकवायचे तरी काय? धर्मग्रंथ तर हवाच. पण त्याहून अवघड अशा तीन गोष्टी आहेत: वर्गणीचा हिशेब चारचौघांत मांडणे, भांडलेल्या दोन पोरांना एका चटईवर बसविणे, आणि आपल्याहून हुशार मुलगा दिसला की त्याच्या हाती काम सोपवून मागे सरणे. यांतली एकही गोष्ट फळ्यावर लिहून शिकविता येत नाही. जुन्या मिशनऱ्यांचे बहुधा येथेच चुकले. त्यांनी शिक्षण दिले, प्रेमही दिले. पण किल्ल्या मात्र फार उशिरापर्यंत स्वतःच्याच कनवटीला ठेवल्या. ज्याला कधी चुकण्याची मुभा मिळाली नाही, त्याला पुढारी होण्याची सवय तरी कोठून लागावी?

वाचक म्हणतील, हे ख्रिस्ती मंडळींचे घरगुती प्रश्न. आम्हांस त्यांचे काय? पण आपल्या गावची वाचनालये, भजनी मंडळे, व्यायामशाळा आठवून पाहा. काढणारा उत्साही होता तोवर ती चालली. तो बदलून गेला आणि कपाटांना कुलूप लागले. धर्म कोणताही असो, गावच्या तरुणांना गावचाच थोरला भाऊ लागतो. तो शिकून शहाणा व्हावा आणि तरीही संध्याकाळी त्याच कट्ट्यावर भेटावा, अशी शाळा ज्याला काढता येईल त्याने कोकणचे अर्धे दुखणे बरे केले म्हणायचे.