भाव काय? आधी ‘कशाचा’ ते सांगा!

उद्या सकाळी पेपर हातात आला की थेट क्रिकेटच्या पानावर उडी न मारता आधी बाजारभावांची बारीक टायपातली चौकट शोधा. मार्केट यार्डातले, म्हणजे आपल्या गुलटेकडीचे भाव. कांदा-बटाटा आणि फळभाज्या दहा किलोला. कोथिंबीर, मेथी शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना. लिंबं गोणीला, अननस डझनाला, डाळिंब किलोला. झेंडू किलोवर, गुलाब गड्डीवर. भुसार बाजारात शिरलात की क्विंटल सुरू होतो आणि तेलाचा भाव पंधरा किलोच्या डब्याला. एवढ्याशा चौकटीत इतकी मापं, तरी रोज वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कुठल्या मालाला कुठलं माप, हे त्याला ठाऊक असतं.

तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टला मात्र ते ठाऊक नसतं.

‘शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचं ॲप’ हा विषय कुठल्या ना कुठल्या ग्रुपकडे असतोच. विषय चांगला आहे, उगाच नाकं मुरडू नका. चौघांचा ग्रुप, भाषा टाइपस्क्रिप्ट. का, तर इंटर्नशिपवाले तेच विचारतात. शिवाय भाषा टाइप्ड आहे, चुका कंपायलरच पकडेल. मग कोडिंग कसं करायचं, नावं कशी द्यायची, यावर चर्चा व्हायची गरजच उरत नाही. झालीच तर टॅब की स्पेस, एवढ्यावर होते आणि चहा संपेपर्यंत चालते.

आता कंपायलर काय पकडतो ते बघू. एकानं पेपरातले भाव भरले. दुसऱ्यानं राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवरचे घेतले. (१९८४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मार्केट यार्डातच आहे, हे किती जणांना माहीत होतं?) समजा, पेपरात कांदा २०० रुपये, दहा किलोला. मंडळाच्या तक्त्यात तोच कांदा २००० रुपये, क्विंटलला. दोन्ही भाव एकच आहेत. पण दोघांनीही फील्डचं नाव ठेवलं ‘दर’ आणि टाइप दिला ‘नंबर’. तिसऱ्यानं ‘सरासरी दर’ काढणारं फंक्शन लिहिलं. उत्तर आलं ११००. हा भाव दहा किलोचाही नाही आणि क्विंटलचाही नाही. कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. का करावं? नंबर अधिक नंबर भागिले दोन, यात त्याला काहीच गैर दिसत नाही.

सबमिशनपुरतं ॲप असेल, तर एक्स्टर्नलच्याही ते लक्षात येणार नाही. पण पुरंदरचा किंवा जुन्नरचा एखादा शेतकरी संध्याकाळी मोबाइलवर तुमचा आकडा बघून उद्या पुण्याला टेंपो भरायचा की नाही ते ठरवणार असेल, तर? टेंपोचं भाडं, हमाली, तोलाई सगळं त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं.

अंतराळातलं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल, म्हणून थोडक्यात. नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं आकडे पाउंड-सेकंदांत दिले, ते वाचणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद समजून वापरले. तिथं फरक साडेचार पटीच्या आसपास होता. आपला कांदा तर दहा पटीनं चुकतोय.

इथं हुशार मुलं एक उपाय काढतात आणि तिथंच फसतात. ‘नंबर’ऐवजी दोन नवे टाइप करायचे, एकाचं नाव ‘दहाकिलोदर’, दुसऱ्याचं ‘क्विंटलदर’, आणि दोन्ही म्हणजे नंबरच असं लिहून टाकायचं. वाचायला छान वाटतं. पण टाइपस्क्रिप्टमध्ये असं नाव म्हणजे नुसतं टोपणनाव. बंड्या म्हणा की अनिकेत, माणूस तोच. क्विंटलदराच्या जागी दहाकिलोदर दिला, तरी कंपायलर खुशाल चालवून घेतो. कारण ही भाषा टाइपचं नाव बघत नाही, त्याचा आकार बघते. आत काय काय आहे, एवढंच.

मग आकारच बदला ना! दर म्हणजे नुसता आकडा न ठेवता दोन गोष्टींची जोडी करा: रक्कम आणि परिमाण. ‘परिमाण’ हा शब्द माझा नाही. पणन मंडळाच्या तक्त्यात शेतमाल आणि जात-प्रत यांच्या शेजारी त्या नावाचा स्वतंत्र रकानाच असतो. तो रकाना आपण ॲपमध्ये घेताना गाळतो आणि मग डोकं धरून बसतो. परिमाणात काय काय येऊ शकतं, ते टाइपमध्येच मोजून लिहा: क्विंटल, दहा किलो, किलो, शेकडा जुडी, गोणी, डझन, गड्डी. बेरीज-सरासरीची फंक्शन्स ‘क्विंटलचाच दर घेईन’ असं सांगणारी ठेवा. आता कुणी दहा किलोचा दर तसाच पुढे ढकलला, की एडिटरमध्ये तिथल्या तिथे लाल रेघ. दहा किलोचा क्विंटल करणारं फंक्शन एकच, एकाच फाइलमध्ये. दहानं गुणणं इतर कुठेही दिसता कामा नये.

जुडीचा किलो करणारं फंक्शन मात्र लिहूच नका. जुडीचं वजन ठरलेलं नसतं. पावसात भिजलेली मेथी वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. कोथिंबीर आणि कांदा एकाच ग्राफवर दाखवायचा मोह झाला, तर कंपायलरनं अडवलंच पाहिजे.

आणि मोसंबी तर कमालच. पेपरात तिचे दोन भाव असतात, तीन डझनांचा आणि चार डझनांचा. चार डझनांचा भाव बहुतेक वेळा तीन डझनांपेक्षा कमी! जास्त फळं, कमी पैसे. कुणालाही वाटेल, डेटा चुकला. आणि कुणीतरी तो ‘दुरुस्त’ही करून टाकेल. पण तीन डझनांच्या भावातलं फळ मोठं असतं, चार डझनांतलं लहान. म्हणजे ‘चार डझन’ हे नुसतं माप नाही, त्यात प्रतही दडलेली आहे. बाराचा गुणाकार करून नगाचा दर काढलात, तर ती माहिती हरवली. हे कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये सापडणार नाही, गाळ्यावर विचारावं लागतं.

नावांचंही तसंच. ‘अडत’ नावाचं एक फील्ड दिसलं. टक्के की रुपये? आणि कुणाकडून? २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. जुन्या सीनियरांच्या कोडमधून उचललेलं पट्टीचं फंक्शन आजही ती शेतकऱ्याच्या रकमेतून वजा करत असेल, तर? ‘खरेदीदार अडत टक्के’ असं लांबलचक नाव टाइप करायला चार सेकंद जास्त लागतात. लागू द्या.

बरं, हे शब्द इंग्रजीत करायला जाऊ नका. पट्टीचं काय कराल, स्ट्रिप? त्यापेक्षा मराठी शब्दच ठेवा. पण रोमन लिपीत लिहिणार असाल, तर स्पेलिंग एकदाच ठरवा. एकाचा ‘भाव’ एका ‘ए’चा, दुसऱ्याचा दोन ‘ए’चा, जुडीत कुणाचा ‘यू’ तर कुणाचे दोन ‘ओ’, आणि मग सर्च केल्यावर अर्धा कोड सापडतच नाही. देवनागरीत नावं दिली तरी टाइपस्क्रिप्ट चालवून घेतं, करून बघा. फक्त टाइपचं नाव कॅपिटलनं सुरू करायचा सर्वमान्य संकेत तिथं कोलमडतो, कारण आपल्या लिपीत कॅपिटलच नाही.

अजून एक खड्डा. बाजार बंद होता किंवा माल आलाच नाही, त्या दिवशीचा दर किती? शून्य? शून्य म्हणजे फुकट. ग्राफ धाडकन खाली येतो आणि आठवड्याची सरासरीही बसते. दर ‘नाही’ असू शकतो, हे टाइपमध्येच लिहा आणि सेटिंगमध्ये ‘स्ट्रिक्ट’ पहिल्याच दिवशी चालू करा. प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात चालू केलंत, तर दोनशे एरर बघून कुणीतरी सगळीकडे ‘एनी’ टाकेल. ‘एनी’ म्हणजे न तपासलेली गोणी. आत कांदा आहे की खडे, कोण जाणे.

बाहेरून येणारा डेटा नेमका असाच येतो. जेसन वाचून मिळणारी वस्तू टाइपस्क्रिप्टच्या लेखी ‘एनी’च असते आणि प्रोग्राम चालू असताना तुमचे टाइप अस्तित्वातच नसतात, ते कंपाइल होतानाच गळून पडतात. त्यामुळे यार्डाच्या गेटवर आवकेची नोंद होते, तशी तुमच्या कोडचीही एकच वेस ठेवा. तिथं परिमाण ओळखीचं आहे का, रक्कम खरंच आकडा आहे का, हे तपासा आणि मगच आत सोडा. अनोळखी परिमाण आलं, तर अंदाज न करता ती नोंद बाजूला ठेवा.

आणि टॅब की स्पेस? तो वाद प्रीटियरवर सोपवा. फाइल सेव्ह केली की ते आपोआप सगळं एकसारखं मांडून देतं. गो भाषेत तर असं टूल भाषेसोबतच येतं. तुम्हाला त्याची मांडणी आवडणार नाही, मलाही नाही आवडत, पण भांडण संपतं आणि कोड रिव्ह्यूमध्ये कंसाच्या जागेऐवजी ‘हा दर कशाचा?’ हे विचारायला वेळ उरतो.

वरचे नियम एका पानाच्या फाइलमध्ये लिहून रेपोत ठेवा आणि शेजारी शब्दांची यादी: जुडी, गड्डी, गोणी, आवक, अडत, तोलाई, पट्टी. यादी पक्की करायला एकदा चौघं मिळून यार्डात जाऊन या. रविवारी आवक मोठी असते, तेव्हा पहाटे जा आणि हातगाडीच्या वाटेत उभे राहू नका. लिलावाच्या गडबडीत कुणाला प्रश्न विचारू नका. गर्दी ओसरली की व्यापारी निवांत बोलतात. आणि हो, शेतकऱ्याला मिळणारी एखादी खरी पट्टी बघायला मागा. तिच्यावर जेवढे रकाने आहेत, तेवढी फील्ड तुमच्या टाइपमध्ये आहेत का, ते तिथंच उभं राहून मोजा.