पट कोणत्या दिवसाचा?

गावच्या प्राथमिक शाळेचा पट किती, असं विचारलं की गुरुजी चटकन एक आकडा सांगतात. तो खोटा नसतो. पण तो कोणत्या दिवसाचा, हे सहसा कुणी विचारत नाही. शाळेला शिक्षक किती, हे वर्षानुवर्षं ठरत आलं ते 30 सप्टेंबरच्या पटावरून. आणि सातारा-सांगलीत खरी हालचाल सुरू होते ती त्यानंतर.

दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कराड, वाळवा भागात उतरतात. कारखान्यांच्या आसपास खोपी उभ्या राहतात. आपल्याच जत, माणमधूनही जोडपी तोडीला निघतात. सप्टेंबरात वस्तीवरच्या शाळेत नोंदलेलं मूल जानेवारीत कृष्णाकाठच्या फडात असतं. तिकडे पटावर नाव, पण हजेरी नाही. इकडे ते शाळेत आलंच, तर त्याच्या वाट्याचा शिक्षक नाही. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे शिक्षण हमी कार्डही आलं. कार्ड दाखवून मूल नव्या गावच्या शाळेत बसू शकतं. मात्र थोरली बहीण धाकट्याला सांभाळत खोपीवरच राहिली, तर कार्ड काय करणार?

खानापूर-आटपाडीची तऱ्हा निराळी. तिथली कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. ती यात्रेला येतात, मुलं मात्र तिकडच्याच शाळेत शिकतात. जत तालुक्यात तर पट भाषेनंही वाटला जातो. मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही जिल्हा परिषद शाळा तिथे आहेत.

डोंगरात मुळातच मुलं थोडी. दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला. 2023 मध्ये वीसच्या आतल्या शाळांसाठी समूह शाळांचा विचार पुढे आला. कागदावर शेजारची शाळा जवळच दिसते. जावळीतल्या खिरखंडीच्या मुली मात्र शाळेसाठी कोयनेच्या जलाशयात स्वतः होडी वल्हवत होत्या आणि पलीकडे जंगल तुडवत होत्या. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची आपणहून दखल घेतली.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. त्यांनी एक साधी वही सुरू करावी. जानेवारीतली रोजची हजेरी, आलेली-गेलेली मुलं, त्यांचं मूळ गाव, घरची भाषा. पट घसरला म्हणून शिक्षक कमी करण्याचा कागद आला, तर 30 सप्टेंबरच्या आकड्याशेजारी ती उघडून ठेवता येईल.