तीन दप्तरं

चाचा भेटले की आमचं बोलणं ठरलेल्या क्रमानं चालतं. आधी पेन्शन, मग गुडघे, मग बँकेतली कोण कोण माणसं गेली त्याची उजळणी. १९८५ साली मिरजेच्या शाखेत मी नवखा अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा कॅशच्या पिंजऱ्यात बसलेल्या या गृहस्थांनी मला नोटा मोजायला शिकवलं. वयानं ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. सगळी शाखा त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणू लागलो, ते आजतागायत.

२०२३ च्या जूनमध्ये मात्र तो क्रम मोडला. मिरजेला त्यांच्या घरी गेलो होतो. चहाचा कप खाली ठेवत चाचा म्हणाले, "सूनबाईनं पोरीला शाळेतून काढलं. धाकट्याला तर घालणारच नाही म्हणते."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "म्हणजे मदरशात घालणार?"

बंडलात खोटी नोट सापडली की मुरलेला कॅशियर नोटेकडे पाहत नाही, समोरच्या माणसाकडे पाहतो. चाचांनी माझ्याकडे तसं पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

आयुष्यभर कथा-कादंबऱ्यांतून माणसं समजून घेतल्याचा आव आणणाऱ्या माझ्यासारख्याला ते दोन शब्द पुरेसे होते. घरी आल्यावर सच्चर समितीचा २००६ सालचा अहवाल पुन्हा काढला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं शंभरात जेमतेम तीन-चार, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्याच अहवालात दुसरा एक आकडा आहे, तो आपण सहसा विसरतो. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळून पडली होती. चाचांचं दुःख त्या दुसऱ्या आकड्यातलं होतं, आणि मी त्यांना पहिल्या आकड्यातला प्रश्न विचारला होता.

चाचा त्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेले पहिले. त्यांच्या पाठची बहीण त्यांच्याहून हुशार. पाढे तिला आधी यायचे. चौथीनंतर तिचं नाव शाळेतून काढलं. कोणी विचारलं तर वडील सांगायचे, "घरीच शिकते." ती घरी शिकली ती भाकरी आणि शिवण. पुढे नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर तिनं थरथरत्या हातानं केलेली सही चाचांनी स्वतः साक्षांकित केली. "घरी शिकते" या दोन शब्दांखाली किती मुली गाडल्या गेल्या ते त्यांना ठाऊक होतं. आणि आता तेच शब्द त्यांच्याच घरात, तेही शिकल्यासवरल्या सुनेच्या तोंडून!

सून बी. एस्सी., डी. एड. लग्नानंतर काही वर्षं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवलेलं. मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. पुढच्या खेपेला मी तिलाच विचारलं. तिनं उठून खुंटीवरची तीन दप्तरं आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"काका, हे शाळेचं. साडेसातला घ्यायचं, दीडला टाकायचं. हे ट्यूशनचं, तीन ते साडेचार. आणि हे मकतबचं. कायदा, रेहाल, ओढणी. पाच ते सहा. पोरगी सात वर्षांची. एका दप्तरात इंग्रजी, एकात मराठी, एकात अरबी आणि उर्दू. घरात आम्ही बोलतो दखनी. संध्याकाळी तिला विचारलं, आज काय शिकलीस, की ती म्हणायची, कुठल्या दप्तरातलं सांगू?"

मी विचारलं, शाळेत काही झालं होतं का? ती जरा थांबली. "झालं होतं. एका मुलानं विचारलं, तुम्ही पाकिस्तानचे का. ती घरी येऊन मला विचारते, अम्मी, आपण कुठचे? मी म्हटलं, मिरजेचे. पण काका, तेवढ्यासाठी मी तिला काढलं नाही. तेवढ्यासाठी काढायचं तर रस्त्यावरनंही काढावं लागेल. टाळेबंदीत सगळ्यांचीच शाळा घरात भरली, तेव्हा मला कळलं की हिचं खरं शिकणं दिवसाला दोन-अडीच तासांचं. बाकीचा वेळ नुसतं दप्तर वाहणं."

पुढची दोन वर्षं मी मिरजेला गेलो की या घरातली शाळा पाहत असे. फळा नाही, घंटा नाही. सकाळी दादीजवळ बसून वीस मिनिटं कुरआनचं वाचन. नऊ वाजता बालभारतीची पुस्तकं. बालभारती मराठीसारखीच उर्दूतही पाठ्यपुस्तकं काढते. सूनबाई तोच गणिताचा धडा एक दिवस मराठीतून घ्यायची, एक दिवस उर्दूतून. दुपारी पोरं गल्लीत, नाहीतर जवळच्या सतारमेकर गल्लीत. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी दीडशे वर्षांहून अधिक काळ भोपळा कसा निवडावा, तार कशी जुळवावी, हे पोरांना घरातच शिकवत आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला कुणी विचारलं नाही की बाबा, तू कुठल्या शाळेत शिकलास. त्या गल्लीच्या शेजारी राहून घरातल्या शिकण्याला हसणं मला जमेना.

गच्चीवर एक काठी उभी केलेली होती. असरच्या नमाजाची वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते. बहीण-भाऊ रोज ती सावली मोजून वहीत मांडत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी काठीची सावली नाहीशी झाली, तेव्हा धाकटा ओरडत खाली आला, "दादा, सावली चोरीला गेली!" त्या दिवशी पृथ्वीचा गोल, तिचा कललेला अक्ष आणि मिरजेचा अक्षांश हे सगळं एकाच काठीला टांगून शिकवलं गेलं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी का येतो, यावरून चांद्रवर्षाचे ३५४ दिवस आले. ईदीच्या पैशांवर जकात काढायची म्हणून चाळिसावा भाग आला, म्हणजे अडीच टक्के, म्हणजे दशांश अपूर्णांक. चाचा बँकेतला माणूस. आधी दुरून पाहत होते, ते हळूहळू चटईवर येऊन बसले. अपूर्णांकांचा तास त्यांच्याकडे गेला.

आणि तिथंच एक दिवस गाडी अडली.

बँकेत मयत खातेदारांचे क्लेम चाचांनी वर्षानुवर्षं हाताळलेले. त्यांनी गणित घातलं: एक माणूस वारला, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. शरीयतप्रमाणे मुलाला दोन भाग, मुलीला एक. नव्वद हजार रुपये कसे वाटाल? थोरलीनं क्षणात मांडलं, साठ आणि तीस. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "दादा, मला एक आणि याला दोन का?"

मी तिथं बसलो होतो. दादी म्हणाल्या, "अल्लाचा हुकूम आहे, बेटा." आईनं कारण सांगितलं, जे सांगितलं जातं ते: घर चालवण्याची, बायको-मुलांना पोसण्याची जबाबदारी पुरुषावर, बाईचं मेहर आणि तिची मिळकत तिची एकटीची. पोरगी म्हणाली, "पण तू पण ट्यूशन घेऊन घरात पैसे देतेस की."

खोलीत कुणी बोललं नाही. मला वाटलं, आता हिला गप्प बसवतील. सूनबाई उठली, फडताळातनं एक जाड वही काढली. त्या वहीवर लिहिलं होतं, "उत्तर न मिळालेले प्रश्न". तारीख घालून तिनं मुलीलाच तो प्रश्न लिहायला लावला. "ठेव लिहून. मोठी झालीस की पुन्हा विचार. मलाही, मौलानांनाही, वकिलांनाही."

नंतर दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा ती मला म्हणाली, "काका, शाळेत हा प्रश्न आला नसता, कारण तिथं हे गणितच नाही. मकतबमध्ये आला नसता, कारण तिथं गणितच नाही. दोन्ही दप्तरं एका चटईवर उपडी केली म्हणून आला." घरशाळेबद्दल मी पुढे बरंच वाचलं, पण तिचं इतकं नेमकं कारण दुसरीकडे सापडलं नाही.

चाचांचं उत्तर काही महिन्यांनी आलं. एका दुपारी त्यांनी मला हिबानाम्याचा मसुदा दाखवला. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्रानं एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, पण हयातीत माणूस आपलं असलेलं कुणालाही बक्षीस देऊ शकतो. घराशेजारचा जागेचा तुकडा त्यांनी दोन्ही नातवंडांना सारखा लिहिला होता. "वहीतला प्रश्न वहीत राहू दे," ते म्हणाले, "माझ्यापुरता हिशेब मी जुळवला."

इथं हा लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोहल्ल्यात बोलणी व्हायची, "पोरीला घरी बसवली." नातेवाईक विचारायचे, सर्टिफिकेट कोण देणार? प्रश्न खोटा नव्हता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यानं पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवणारी कुटुंबं या दोन वाक्यांच्या मधल्या बोळात राहतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत. आपल्याकडे १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसणारी मुलं जुनीच. वाट आहे, पण चिंचोळी आहे. आणि तीही ज्या घरात डी. एड. झालेली आई दिवसभर हजर आहे, त्या घरालाच परवडणारी. शंभरातल्या त्या गळून पडलेल्या पंचवीस मुलांच्या घरी अशी आई कुठून यावी?

आणखी एक गोष्ट मी पाहत होतो. सकाळी शाळेच्या रिक्षा गल्लीतून जाऊ लागल्या की थोरली खिडकीशी यायची. भावाशी भांडून भांडून किती भांडणार! २०२५ च्या एप्रिलमध्ये ती आईला म्हणाली, "मला पाचवीला शाळेत जायचंय. खो-खोला नऊ जणी लागतात."

सूनबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात बराच वेळ होती, असं चाचा सांगतात. दोन वर्षांची तिची मेहनत. बाहेर येऊन तिनं एवढंच विचारलं, "कुठल्या शाळेत?"

मला त्या वेळी दोन बायका आठवल्या. रंगपूरच्या पायराबंद गावी जन्मलेल्या बेगम रुकय्या यांना त्यांचा भाऊ इब्राहिम साबेर घर झोपल्यावर, दिव्याच्या उजेडात, बंगाली आणि इंग्रजी शिकवायचा. इकडे पुण्यात न्यायमूर्ती रानडे घरातल्या बायकांची बोलणी सोसणाऱ्या रमाबाईंना शिकवत होते. दोघी घरात शिकल्या. आणि पुढे दोघींनी काय केलं? १९०९ साली रुकय्यांनी भागलपूरला मुलींची शाळा काढली, जी १९११ मध्ये कलकत्त्याला नेली. त्याच १९०९ साली रमाबाईंच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. घरात शिकलेल्या या बायकांनी दुसऱ्यांच्या मुलींना घरात ठेवायला सांगितलं नाही. त्यांनी दार उघडलं.

चाचांच्या बहिणीचं घरी शिकणं आणि नातीचं घरी शिकणं यांतला फरक मला इथं कळला. पुस्तकं, भाषा, गच्चीवरची काठी हे सगळं आहेच. पण खरा फरक एवढाच की "मला शाळेत जायचंय" असं बहिणीनं म्हटलं तेव्हा तिला कुणी ऐकलं नाही, आणि नातीला विचारलं गेलं, "कुठल्या?"

जूनमध्ये प्रवेशाला चाचा स्वतः गेले. कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं, हे कलम त्यांनी कागदावर उतरवून खिशात ठेवलं होतं. अर्जात एक रकाना होता, "यापूर्वीची शाळा". त्यांनी दुसरीपर्यंतच्या शाळेचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, "नंतर दोन वर्षे: घरी". ते दोन शब्द लिहिताना, पन्नास-साठ वर्षांत पहिल्यांदाच, हात अडला नाही असं ते म्हणाले.

परवा गेलो होतो. खुंटीवर एकच दप्तर होतं. ट्यूशन नाही, कुरआनचं वाचन सकाळी दादीजवळ, पूर्वीसारखंच. जाड वही फडताळातच आहे. थोरली शाळेतून येऊन तिच्यात नवे प्रश्न घालते, त्यातले काही शाळेबद्दलचे आहेत. धाकटा अजून घरीच शिकतो. गच्चीवर एकटाच सावली मोजत होता. मला पाहून म्हणाला, "आजोबा, टेपचं ते टोक जरा धरा ना. दीदी शाळेत गेली, आता धरायला कुणी नाही."

मी गुडघे सांभाळत खाली बसलो आणि टोक धरलं.