बॅटरी उतरते कशाने?

मोटारीची बॅटरी चार्ज करून आणली, पण चार दिवसांनी गाडी पुन्हा ढिम्म! आता नवी बॅटरी घ्यावी काय? मित्रांनो, खर्च करण्याआधी मोजमाप करा.

बॅटरीत सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येकी २.१ म्हणजे एकूण १२.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना मात्र सुमारे १४ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२.६ च्या वर जाईना, तर दोष अल्टरनेटरचा अथवा त्याच्या पट्ट्याचा.

१४ दिसले, तर गाडी बंद करा. ऋण अग्राची तार सोडवून, तार व अग्र यांच्यामध्ये १० अँपिअरचा अ‍ॅमीटर जोडा. अर्ध्या तासाने पाहा. काही शतांश अँपिअर क्षम्य आहेत. पण समजा, अर्धा अँपिअर दिसला. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० तासांत रिकामी. म्हणजे चार दिवसही नाहीत! आता एकेक फ्यूज काढा. ज्यामुळे प्रवाह घटेल, त्याच मंडलात चोर आहे. कदाचित डिकीतला न विझणारा दिवा! तेथेही काही सापडले नाही, तरच बॅटरी म्हातारी झाली म्हणा.

हे काम जाणत्या माणसासोबतच करा. अ‍ॅमीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका; स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. बॅटरीजवळ ठिणगीही नको, कारण तेथे हायड्रोजन असू शकतो.