कारखानदाराचा एकांत

जालन्याच्या मोंढ्यात शेठजी गादीवर दिसले नाहीत, तर दुपारपर्यंत दोन तर्क निघतात. एक तर ते आजारी असावेत, नाही तर घेणेकऱ्यांना टाळीत असावेत. दार सताड उघडे ठेवणे ही येथे पतीची खूण आहे, आणि आडतीच्या धंद्याला ती शोभतेही. भाव, वजन, पट्टी हे निर्णय उभ्याउभ्या होतात.

परंतु बियाण्यांचा धंदा निराळा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी काढली. मृगात शेतकरी जी पिशवी फोडतो, तिच्या बीजोत्पादनाचे गणित निदान एक हंगाम आधी मांडावे लागते. ते चुकले, तर माल गोदामात पडून राहतो, किंवा ऐन पेरणीत शेतकरी रिकाम्या हाताने परततो. हे गणित दोन टेलिफोनांच्या मधल्या फटीत कसे बसावे? बीजोत्पादनाच्या वावराभोवती परक्या परागापासून ठराविक अंतर राखणारा हाच माणूस स्वतःच्या विचाराभोवती मात्र वीतभर अंतर राखीत नाही!

पीटर ड्रकर यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की, सहा-सात तासांचे सलग काम पाव पाव तासाच्या तुकड्यांनी पुरे होत नाही. सोफी लरॉय यांच्या २००९ सालच्या संशोधनाने त्याचे एक कारण पुढे आणले: अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही अंश अडकून राहतो, आणि पुढचे काम त्या मानाने कच्चे होते.

मग लोकांना न दुखविता दार लावावे कसे? गांधीजी सोमवारी मौन पाळीत. निकड असली, तर चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. त्यांच्या मौनाला आध्यात्मिक अर्थही होता, हे खरे. पण व्यवहाराच्या दृष्टीने त्यातली खुबी अशी की, वार सर्वांना ठाऊक होता. अवचित लावलेले दार अपमान वाटते. ठरल्या वेळी लावलेले दार हा रिवाज होतो.

लिलावापूर्वीचे दोन तास मोकळे मिळाले, तरी पुष्कळ. एकहाती दुकानदाराला तेही कठीण. त्याने आठवड्यातली एक सकाळ धरावी. टेलिफोन दुसऱ्या खोलीत असावा, कारण पुष्कळदा व्यत्यय आणणारा हात आपलाच असतो. भट्टीवर अपघात झाला, तर मात्र दार ठोठावलेच पाहिजे. बाकीचे मुनीमजींनी निभवावे. पण त्यांच्या सहीवर किती रकमेपर्यंत व्यवहार पुरा होतो, हा आकडा ज्या पेढीत लिहून ठेवलेला नाही, तेथे पाच मिनिटांत कडी वाजणारच.